खळ्याच्या एकसष्ट नोंदी

माझ्या मेहुण्याने माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आणि पुरावा म्हणून माझ्याच हस्ताक्षरातले आकडे जोडले.

तक्रार थोडक्यात अशी. आमच्या हवामान केंद्रात निरीक्षक दोन, मी आणि तो. पाळ्या आलटून पालटून. गेल्या आठ महिन्यांत माझ्या पाळीत सिरो-स्ट्रेटस या ढगाची नोंद एकसष्ट दिवस झाली, त्याच्या पाळीत नऊ दिवस. शेवटी त्याने लिहिले होते, ‘आकाशाला आमचे पाळीपत्रक ठाऊक असते काय, याचा खुलासा व्हावा.’

सिरो-स्ट्रेटस हा फार उंचावरचा, बर्फाच्या कणांचा, सायीहून पातळ थर. तो स्वतः क्वचितच डोळ्यांत भरतो. त्याच्यामुळे सूर्याभोवती पडलेले खळे तेवढे दिसते. बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश ठरावीक कोनात वळतो, म्हणून या खळ्याचे माप कधी बदलत नाही. हात लांब करून पंजा पसरावा, अंगठा सूर्यावर धरावा, करंगळी खळ्यावर येते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे यावरच घडले.

मेहुण्याला हे काम मीच शिकवले होते. तापलेली हवा वर चढते, चढताना गार होते आणि ज्या उंचीवर तिच्यातली वाफ धुळीच्या कणांवर थेंब धरू लागते त्या उंचीवर ढगाचा तळ पट्टीने आखल्यासारखा सपाट होतो, हे गच्चीवर उभे राहून बोटाने दाखवले होते. सहा वर्षांपूर्वी त्याच शिष्याने खिडकीचा पडदाही न सारता, खुर्चीत बसून ‘पाच अष्टमांश आकाश ढगाळ’ असे लिहिले. बाहेर औषधालाही ढग नव्हता. मी त्याच दिवशी वहीत शेरा मारला आणि वर कळवले. त्याची बढती अडली. तेव्हापासून कामापुरता तो मला ‘साहेब’ म्हणे आणि टोमणा मारायचा असला की ‘दाजी’.

आमची घरे केंद्राच्या आवारातच, भिंतीला भिंत लागून. त्याची बहीण म्हणजे माझी बायको दोन्हीकडचे ऐकून घेई. एकदा ती म्हणाली, “तुम्ही भांडता आकाशावरून आणि गडगडतं माझ्या स्वयंपाकघरात.”

तक्रारीची वेळ त्याने नेमकी साधली होती. दोनपैकी एक पद रद्द होणार, असे पत्र आले होते. कोणाचे, ते तपासणीनंतर ठरणार. ज्याचे जाईल त्याने महिन्याभरात घर सोडायचे. माझी नोकरी एकतीस वर्षांची झाली होती आणि दोन उरली होती. घराची काळजी होतीच. पण खरी धास्ती वेगळी होती. या एकतीस वर्षांत माझी एकही नोंद खोटी ठरली नव्हती.

तपासनीस बाई सकाळी साडेदहाला आल्या. वयाने आम्हा दोघांहून लहान. चहा नको म्हणाल्या आणि थेट गच्चीवर चढल्या.

“दोघांनी एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं. दहा मिनिटं. खालचे, मधले, वरचे, तिन्ही थर लिहायचे. बोलायचं नाही.”

“आम्ही तसेही बोलत नाही, मॅडम,” मेहुणा म्हणाला.

“मग सोपं जाईल.”

मी क्रमाने पाहिले. खाली क्युम्युलस, कापसाच्या ढिगासारखे, दोन अष्टमांश, नुकतेच धरू लागलेले, सपाट तळाचे. मध्ये पश्चिमेला अल्टो-क्युम्युलसचा एक पट्टा. हात लांब करून मोजले, एकेक पुंजका दोन बोटे रुंद. बोटाहून लहान असता तर तो वरच्या थरात गेला असता. मग सूर्याच्या बाजूला नजर नेली. खळे होते. मी सिरो-स्ट्रेटस लिहिले आणि सही केली.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. खालचा आणि मधला थर शब्दाला शब्द जुळत होता. वरच्या थरात मेहुण्याने लिहिले होते, ‘निरंक’.

“वर काहीच नाही?”

“नाही, मॅडम. तो थर खास दाजींच्या डोक्यावर येतो. जावयाचा मान असतो ना!”

“तोंड आवर,” मी म्हणालो. “एवढं ढळढळीत खळं दिसतंय. आंधळा आहेस काय?”

“दोघांपैकी एक आहे खरा.”

“पुरे,” बाई म्हणाल्या. “आता खरं कोण, हे ठरवायचं कसं, तेवढं सांगा.”

“साहेबांना टाकीच्या सावलीत उभं करा, मॅडम. खळं ढगाचं असेल तर सूर्य झाकला तरी ते टाकीच्या कडेबाहेर जागेवर दिसेल. हे मला त्यांनीच शिकवलंय.”

शिकवले होते. नव्या माणसाला मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत शिरलो. सूर्य सिमेंटच्या कडेमागे गेला आणि त्याच क्षणी खळे विझले. कडेबाहेर आकाश निळे, धुतल्यासारखे. मी पाऊल बाहेर टाकले, खळे परत आले. आत घेतले, गेले. बाहेर येऊन पंजा पसरून पाहिला. वर्तुळ करंगळीपर्यंत पोचतच नव्हते, मधल्या बोटाआधीच संपत होते. ते आकाशात नव्हते. माझ्या डोळ्याच्या भिंगात होते. भिंग गढूळ होऊ लागले की प्रखर उजेडाभोवती असे वर्तुळ दिसते, हे मी वाचले होते. पंजा धरून मी खळे शेवटचे कधी मोजले होते, ते मला आठवेना. एकतीस वर्षांनंतर मोजायचे कशाला, पाहिले की ओळखू येते, असे मी धरून चाललो होतो.

“दिसतंय?” बाईंनी विचारले.

मला काय दिसते ते जगात फक्त मला ठाऊक होते. ‘हो’ म्हटले असते तर पुढे नुसता वाद झाला असता, आणि वादात मी मेहुण्याला हार गेलो नसतो.

“नाही,” मी म्हणालो. “खळं नाही.”

मेहुण्याने खिशातून एक छोटी वही काढली. त्याच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत मी न पाहिलेला आनंद होता. “यात सगळं आहे, मॅडम. त्यांच्या पाळीत मी माझ्या दारातून आकाश बघून लिहीत होतो. एकसष्टपैकी सतरा खळी खरी. बाकीची चव्वेचाळीस दाजींच्या डोळ्यांतली.”

बाईंनी पहिले पान उघडले. “ही पहिली नोंद आठ महिन्यांपूर्वीची. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“पहिल्याच आठवड्यात!”

“मग कळवलं का नाही?”

“एका चुकीला कोण विचारतं? म्हटलं, जमू द्याव्यात.”

“चूक दिसली की त्याच दिवशी केंद्राच्या वहीत लिहायची,” मी म्हणालो. “नियम तुला तोंडपाठ आहे.”

“तुम्ही माझी लिहिली होतीत त्याच दिवशी. मी जरा धीर धरला.”

“आणि चव्वेचाळीस खोटे ढग वर जाऊ दिलेस? अंदाजांत मिसळू दिलेस?”

“ढग तुमचे होते, दाजी.”

मी बाईंकडे वळलो. “त्याची वही पुराव्यात घ्या. माझ्याविरुद्ध घ्या आणि त्याच्याविरुद्धही घ्या. मी तसं लेखी देतो.”

मेहुण्याचा चेहरा तिथेच उतरला. आठ महिने त्याने एक दिवसही नोंद चुकवली नव्हती, आणि प्रत्येक नोंदीखाली तारीख होती.

बाई बराच वेळ वही चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी एक पद रद्द करायला आले होते. उरलेल्या पदावर तुमच्यापैकी कोणी राहील, असं आता मला लिहिता येणार नाही. तुम्ही डोळे तपासून घ्या आणि निवृत्तीचा अर्ज करा. यांची चौकशी होईल आणि बदलीही. पण केंद्राची वही आजच दुरुस्त व्हायला हवी. कुठली सतरा खरी, ते फक्त या छोट्या वहीत आहे. एकाने वाचायचं, एकाने खोडायचं.”

केंद्राच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या नोंदीवर तांबडी सरळ रेघ, वर बरोबर नोंद, शेजारी सही. दुपारी आम्ही एकाच टेबलाशी बसलो. बाई बाजूच्या खोलीत अहवाल लिहीत होत्या.

“अकरा तारीख,” मी म्हणे.

“खोटं,” तो म्हणे.

“बारा.”

“खोटं, दाजी.”

मी रेघ ओढे. ‘खोटं’ तो चांगले घोळवून म्हणे. ‘खरं’ असले की तोंडातल्या तोंडात. तेविसाव्या नोंदीशी मी थांबलो.

“हे खरं आहे. त्या दिवशी कपडे वाळत घालताना तुझ्या ताईनं मला हाक मारून दाखवलं होतं.”

“ताईचे डोळेही गेले असतील.”

बायको डबा घेऊन आली होती. ती किती वेळ दारात उभी होती, आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. तिने टेबलावर डबा ठेवला आणि भावाच्या हातातून वही ओढून घेतली.

“‘खळं स्पष्ट, पूर्ण वर्तुळ.’ हे तुझंच अक्षर ना?”

“ओळ चुकली असेल, ताई.”

“पोटात दुखतंय तुझ्या, ओळ कसली चुकतेय. सरक.”

उरलेल्या अडतीस नोंदी तिने वाचल्या. खरे आणि खोटे, दोन्ही एकाच सुरात. मला सावरून घेण्यासाठी तिने एकही शब्द बदलला नाही. एकदा माझी रेघ वाकडी गेली, तर म्हणाली, “नीट ओढा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओढल्यात.”

चव्वेचाळीस रेघा, चव्वेचाळीस सह्या. तिने वही मिटली.

“जुने कागद असतील तर द्या. भांडी गुंडाळायला लागतील.”

“ताई, माझीही थोडी भांडी आहेत,” मेहुणा म्हणाला.

“तुझी तू गुंडाळ.”

ती गेली. डबा कोणी उघडला नाही. मेहुण्याने तांबड्या पेनाला टोपण लावले आणि पेन आपल्या खिशात टाकले.

“ते केंद्राचं आहे,” मी म्हणालो.

त्याने ते काढून टेबलावर आपटले.