आधी साखळी, मग ताट

शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षे काढलेल्या मावशींना रोज दुपारी एकाच गोष्टीची लाज वाटे, आणि ती गोष्ट चारचौघांच्या डोळ्यांदेखत ताणकाट्याला टांगलेली असे. ती म्हणजे उष्ट्याची बादली. मुलांनी ताटात टाकलेले अन्न तिच्यात जमा करायचे, काट्याच्या हुकाला अडकवून वजन पाहायचे आणि ते दारामागच्या फळ्यावर खडूने लिहायचे, असा वरच्या कार्यालयाचा नियम होता. पोरे एकशेऐंशी, आणि वजन कधी अकरा किलो तर कधी बारा. डाळी-भाज्यांचे दाट सूप, वाफाळता भात, किसलेले गाजर. यात उणे काढण्यासारखे काही नव्हते. मावशींनी स्वतः चाखून, मुख्याध्यापिकांना, म्हणजे साऱ्या शाळेच्या मोठ्या बाईंना, चाखवून याची खात्री करून घेतली होती. तरीही पोरे चार घास कसेबसे गिळत, ताट सरकवत आणि मैदानाकडे धूम ठोकत. दुसरीतली एक मुलगी तर भाताची शिते मोजून खाई. तिला सगळे चिमणीच म्हणत.

दोष कोणाचा, याविषयी मावशींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दोष त्यांच्या धाकट्या दिराचा होता. हे दीर त्याच शाळेत व्यायामशिक्षक होते. गळ्यात अष्टौप्रहर शिट्टी, त्यामुळे पोरांनी त्यांचे नामकरण शिट्टीसर असे केले होते. जेवण उरकले की लगेच त्यांचा खेळाचा तास असे, आणि त्या तासाच्या ओढीने पोरांच्या घशाखाली घास उतरत नसे, असे मावशींचे म्हणणे. दिरांचे म्हणणे नेमके उलटे. वहिनी पोरांना इतके कोंबून पाठवतात की दुसऱ्या फेरीलाच ती पोट धरून खाली बसतात. आता पोरे एक तर उपाशी तरी असतील किंवा तुडुंब भरलेली तरी. दोन्ही गोष्टी एकाच पोटात मावणे शक्य नाही. परंतु घरगुती वादाला तर्कशास्त्राची अडचण कधीच होत नाही. तो वाद सहा वर्षे, सणासमारंभांची पर्वा न करता, सुरळीत चालू होता.

अशात वरून पत्र आले. गुरुवारी पोषण अधिकारी येतील आणि आपल्या डोळ्यांसमोर बादलीचे वजन करवून घेतील. ते पाच किलोंच्या वर भरले, तर स्वयंपाकघर कायमचे बंद होऊन कारखान्यातून खाण्याची सीलबंद खोकी येऊ लागतील. मावशींना कामावरून काढण्यात येणार नव्हते. त्यांच्याकडे खोकी फोडण्याचे काम सोपवण्यात येणार होते. हे शेवटचे वाक्य मोठ्या बाईंनी दिलासा म्हणून वाचून दाखवले. मावशींनी ते ऐकले, हातातली पळी धुतली, पुसली आणि पुन्हा धुतली.

गुरुवारी त्या दोन तास आधीच आल्या. फरशी घासली, खिडक्यांच्या गजांवरून ओला फडका फिरवला, बाजूच्या चुलीवर भात चढवला, शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात डाळ, भोपळा, वाटाणे आणि पाणी घालून खाली जाळ पेटवला. मग शेगडीचे तोंड त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. ते त्यांनी पुसले. पुसून समाधान होईना, तेव्हा बटणांच्या खाचांत बोट घालून पुसले. शेगडी आरशासारखी लखलखली. मावशी प्रसन्न मनाने गाजरांकडे वळल्या आणि तासभर किसत राहिल्या.

पावणेबाराला त्यांनी पातेल्यावरचे झाकण उचलले. वाफ आली नाही. पळी बुडवून ढवळले, तर तळाशी डाळ खड्यांसारखी खुळखुळली. मावशींनी वाकून पाहिले. जाळ नव्हता. पुसता पुसता बटण फिरले होते आणि इतकी लखलखीत शेगडी विझून गार पडली होती. जेवणाच्या घंटेला पंधरा मिनिटे उरली होती, आणि डाळ शिजायला तास हवा होता.

जाळ पेटवून त्या पदर खोचून निघाल्या, ते थेट मैदानावर. दीर चुन्याची रेघ ओढत होते. आपल्या हद्दीत वहिनी पाहताच त्यांची रेघ वाकडी झाली.

“भाऊजी, तुमचा तास आत्ता घ्या. जेवणाच्या आधी.”

“आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“डाळ कच्ची आहे. कशी राहिली ते विचारू नका. तासभर पोरं इथं अडकवून ठेवा, एवढंच मागतेय.”

दिरांनी चुन्याचे हात झटकले. “आणि दमून आली आणि जेवलीच नाहीत, तर माझ्या नावानं खडे फोडाल.”

“फोडेनच. आजवर सवयीनं फोडत होते, आज निदान कारण तरी असेल.”

दिरांच्या गळ्यात शिट्टी होतीच. ती त्यांनी वाजवली.

खेळ ठरला साखळीचा. एकावर राज्य, तो ज्याला शिवेल त्याने त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला शिवायचे, आणि शिवला गेलेला प्रत्येक जण साखळीत. पाचच मिनिटांत पंचवीस पोरांची साखळी झाली, दहा मिनिटांत साठांची, आणि ती अशी हेलकावे खात, किंचाळत धावू लागली की तिचे डोके कोणते आणि शेपूट कोणते हे तिलाच कळेना. नेमक्या त्याच वेळी फाटकातून, खांद्याला पिशवी, काखेत फाईल धरून, इस्त्रीच्या सदऱ्यातले पोषण अधिकारी आत आले. साखळीने वळण घेतले. शेपटाला चिमणी होती. तिचा हात साहेबांच्या कोपराला लागला.

“काका, तुम्ही आउट. हात धरा.”

साहेबांनी आपले पद सांगितले. चिमणीने नियम सांगितला. साखळीला थांबणे ठाऊक नव्हते, त्यामुळे चर्चा धावता धावताच झाली आणि तीत साहेब हरले. मोठ्या बाई त्यांना सोडवायला धावल्या, हे चुकलेच. धावणाऱ्याला शिवायचे असते, एवढेच पोरांना माहीत. बाईंनी एका हाताने चष्मा सांभाळला, दुसरा हात साहेबांना द्यावा लागला. उरलेला अर्धा तास शाळेचे प्रशासन मैदानावर चक्राकार फिरत होते. तिसऱ्या वळणाला फाईल कुंपणापाशी पडली. पाचव्या वळणाला साहेब स्वतःहून ओरडू लागले, की डावीकडे तिघे निसटताहेत, डावीकडे दाबा.

पाऊण वाजता घंटा झाली आणि एकशेऐंशी लालबुंद चेहरे जेवणघरात घुसले. मावशी हातात पळी घेऊन उभ्या होत्या. पहिले ताट वाढले. दुसरे वाढले. विसावे वाढेपर्यंत पहिले परत आले होते, रिकामे, आणि पुढे धरलेले. इतक्या पोरांच्या खोलीत केवळ चमच्यांचा आवाज, असा चमत्कार त्या भिंतींनी पाहिला नव्हता. भात संपला, गाजर संपले, सुपाचा फडशा पडला. चिमणी तिसऱ्यांदा आली, तेव्हा मावशींनी पातेले आडवे करून तळ खरवडला.

“शितं मोजलीस का गं?”

“उद्या मोजते,” ती म्हणाली आणि वाटी चाटू लागली.

बादली काट्याला टांगली गेली. तिच्यात भोपळ्याचा एक देठ होता. बादलीच्या स्वतःच्या वजनापलीकडे काटा तसूभर सरकला नाही. साहेबांनी काट्यावर टिचकी मारली, बादली काढून आपली पिशवी टांगून पाहिली. काटा पिशवीपुरता इमानदारीने खाली आला. तेव्हा त्यांनी घाम पुसून विचारले, की मावशींनी आज सुपात वेगळे असे काय घातले.

मोठ्या बाई साहेबांच्या पाठीमागून डोळ्यांनी खुणा करत होत्या, की सांगा काहीतरी, मसाला सांगा. सांगितले असते तर साहेबांनी ते लिहूनही घेतले असते. पण मसाल्याच्या जोरावर आजचा दिवस निघेल, उद्याची बादली काटा पुन्हा बारा किलोंनी खाली ओढेल, आणि मग खोकी. मावशींनी पदर सोडून सरळ केला.

“काही वेगळं नाही, साहेब. रोजचंच आहे. फक्त उशिरा झालं, कारण शेगडी पुसता पुसता मीच विझवली. पोरं आधी खेळली आणि भुकेली आली. सहा वर्षं मी म्हणत होते की खेळापायी जेवत नाहीत. बरोबरच म्हणत होते. फक्त खेळ जेवणाच्या मागे ठेवला होता, तो पुढे हवा होता.”

“म्हणजे वहिनी, श्रेय माझं,” दीर दारातून म्हणाले.

“श्रेय भुकेचं. तुम्ही नुसती हवा फुंकलीत.”

“आणि पोट धरून एकही पोर बसलं नाही, हे कुणी बोललं नाही.”

“बोलले असते. तुम्ही मध्ये तोंड घातलंत.”

साहेबांनी पिशवीतून अहवालाचा कागद काढून पसरला. त्यात वजनासाठी रकाना होता, पदार्थांसाठी होता, आधी काय आणि मग काय, यासाठी नव्हता. त्यांनी समासात लिहिले: खेळ आधी, जेवण नंतर, स्वयंपाकघर चालू ठेवावे. खाली सही केली, आणि सहीची शेपटी पुरी होते न होते तोच त्यांच्या पोटातून असा आवाज आला की मोठ्या बाईंनी सौजन्याने खिडकीबाहेर पाहिले. त्यांच्याही पोटाने लगेच दुजोरा दिला.

पातेले रिकामे होते. मावशींनी चौघांसाठी नव्याने डाळ धुतली. मात्र एकोणीस वर्षांत त्यांना चौघांचा अंदाज उरला नव्हता, त्यामुळे सूप झाले चाळिसांचे. वास व्हरांड्यातून वर्गांपर्यंत गेला, आणि दुपारच्या छोट्या सुट्टीला दाराशी रांग लागली.

“वहिनी, या पातेल्यात उद्या भागायचं नाही,” दीर दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले.

मावशींनी साहेबांकडे पाहिले. साहेबांच्या उजव्या हातात चमचा होता. त्यांनी तो ताटात ठेवला, मागणीचा कोरा कागद ओढून घेतला, घास चावता चावता त्यावर लिहिले, “मोठे पातेले, एक,” आणि किती मोठे, हे विचारण्यासाठी मान वर केली. मावशींनी दोन्ही हात पसरून दाखवले. मग रांगेकडे पाहून आणखी पसरले.