कुठला म्हणून पुकारतील

सोराकाझे मंगोलियाहून आमच्या तालमीत आला तेव्हा त्याला जपानीत एवढंच येत होतं: ‘भूक लागली.’ वस्तादांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मार आणि माझं कालवण खाऊन तो सुमोच्या वरच्या वर्गात पोचला.

वर्तमानपत्रांच्या लेखी मात्र तो मंगोलियाचाच. थोबाडीत मारणं आमच्या कुस्तीत नियमात बसतं. ओसाकाच्या पोरानं मारली तर ती जिगर. आमच्या सोराकाझेनं मारली की ‘मंगोलियनाला आखाड्याचा मान कळेना’. त्यानं स्पर्धा जिंकली तेव्हा मथळा होता, ‘जपानी पैलवानांची पुन्हा निराशा’.

“आणि ह्यांचाच नागरिक व्हायचंय तुला?” मी विचारलं.

“ओकामीसान, गुडघा गेलाय.” तालमीची घरधनीण म्हणून मला सगळे अशीच हाक मारतात. “कुस्ती सुटली की पोरं शिकवायचीत. परदेशी माणसाला वस्ताद होता येत नाही, अन् दोन्हीकडचं राहता येत नाही.”

“मग अडलंय कुठं?”

“आई म्हणते, पासपोर्ट परत दिलास की आखाड्यात तुला कुठला म्हणून पुकारतील?”

कुस्तीआधी पैलवानाचं जन्मगाव पुकारतात. म्हातारी उलानबातरला टीव्हीपुढे बसते ती तेवढ्यासाठी. पुढं लेकाची कुस्ती तिला बघवत नाही.

“जन्मगाव कोण बदलतंय, वेड्या?” वस्ताद म्हणाले. खात्री त्यांनाही नव्हती. त्यानं तरीही अर्ज केला.

मंजुरी आली. रीतीप्रमाणे मी शुभकार्याचा लाल भात शिजवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला: ज्याचा देश आज सुटला, त्याला मी बारशाचं जेवण वाढत होते.

“राहू दे रे,” मी म्हटलं. “दुसरं काही करते.”

“राहू दे कशाला? सोबत मटण हवं होतं, एवढंच,” तो म्हणाला. खाली मान घालून त्यानं वाडगा संपवला आणि पुन्हा पुढे केला.

पुढच्या स्पर्धेत तो आखाड्यात उतरला. मी घरी टीव्हीचा आवाज वाढवला.

“मंगोलिया, उलानबातर!”

मग तो हरला. सकाळच्या पेपरात होतं, ‘मंगोलियन पैलवानाची घसरण’. मी त्याच पानावर मुळे सोलायला घेतले. शेजारी तो आईशी फोनवर बोलत होता.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ऐकलं. अजून आपल्याच गावाचं नाव घेतात.”

“आणि हरलास ते?”

“ते तिनं बघितलंच नाही. डोळे मिटले होते.”