एक नंबरची ओढ

"नाव काय तिचं?" कोबसने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाव नसतं रे. नुसता नंबर असतो. एक नंबर."

"एक नंबर? मग तर उत्तमच की!"

बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो, आणि मग माझीच मला लाज वाटली.

कोबस जोहान्सबर्गमधल्या आमच्या पेन्शन फंडाचा प्रमुख. मी मोलेफी, जोखीम मोजणारा. शेअरांच्या रोजच्या चढउतारांतून माझं गणित त्यांना एकत्र खेचणाऱ्या ओढी शोधतं. ती ओढ तेलाची, आमच्या रँड चलनाची की राजकारणाची, हे ते सांगत नाही. एरवी दहाबारा ओढी आपापल्या दिशेला खेचतात. त्या आठवड्यात पहिलीने बाकीच्या सगळ्या गिळल्या होत्या. सोन्याच्या खाणी, बँका, किराणा दुकानं, सगळी एकाच दोरीला बांधलेली. एक पडलं की सगळीच पडणार होती.

"विश्वस्तांना काय सांगू? बिननावाचं भूत आलंय, शेअर विका?" कोबसने फाईल मिटली.

चहाचे कप गोळा करून पुलेंग मावशी माझ्यामागोमाग बाहेर आली. ती शुक्रवारी निवृत्त होणार होती आणि तिची सगळी पुंजी आमच्याच फंडात होती.

"पोरा, पैसे आत्ताच काढू का राहू देऊ महिनाभर? लेसोथोतल्या घरावर छप्पर घालायचंय."

"मावशी, आम्हाला सांगता येत नाही. नियम आहे."

"एवढा शिकलास आणि सांगता येत नाही होय रे!" ती हसली. "राहू दे मग. तुम्ही सगळे आहात की."



शुक्रवारी आम्ही तिला लोकरीचं जाड ब्लँकेट दिलं. ते खांद्यावर घेऊन ती नाचली, कोबसलाही नाचवलं.

दहा दिवसांनी बाजार कोसळला. खाणी, बँका, दुकानं, सगळं एकदम. मी पडद्यासमोर नुसता बसून होतो. मग त्या ओढीला नावही मिळालं, सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

"हे आधी सांगायचंस ना, मोलेफी!" कोबस म्हणाला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ऑफिसच्या स्वयंपाकघरातून किटलीची शिट्टी ऐकू आली. आत पुलेंग मावशी उभी होती. अंगावर निरोपाचं ब्लँकेट आणि खाली जुनाच एप्रन.

"थंडी फार पडलीय यंदा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "साखर दोनच चमचे ना रे?"

मी मान हलवली. छपराचं विचारायचं धाडस झालं नाही.