शेगडीच्या वाट्याची पाच मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची शेगडी आहे, झाकणावर तडा गेलेली. सांगायला बसले आहे माझी गोष्ट, पण तीत माझ्या सवतीचेच नाव जास्त येईल. काय करू, हल्ली तिच्यावाचून मला काही सुचत नाही.

उत्तर नॉर्वेतल्या एका बेटावर तोरलाइव्ह नावाच्या कोळ्याची लहानशी होडी आहे. तिच्या केबिनमध्ये मला त्याच्या वडिलांनी बसवले. बर्चची लाकडे खाऊन मी चाळीस हिवाळे ऊब दिली. माझ्यावर कॉफी उकळे, मासळीची कलेजी शिजे, ओले हातमोजे वाळत. एकदा मात्र घरी जायच्या घाईत तोरलाइव्हने माझ्या लालबुंद झाकणावर बादलीभर समुद्राचे पाणी ओतले. तड् असा आवाज झाला. तेव्हापासून वारा फिरला की त्या फटीतून धूर येतो. त्याची बायको गुडलाउग खोकून हैराण झाली आणि तिने होडीवर येणेच सोडले. अकरा वर्षे तो एकटाच समुद्रावर जात राहिला.

"आई परत यायला हवी ना? मग डिझेलचा हीटर बसवू," त्याची मुलगी राग्नफ्रिद म्हणाली. ती इंजिने दुरुस्त करते.

"आणि ही म्हातारी?"

"आईला हीटर आवडला, की हिला धक्क्यावर ठेवू. फुलं लावायला."

फुले! माझ्या पोटात माती!

राग्नफ्रिदने बुटांच्या खोक्याएवढी ती हीटरची पेटी, म्हणजेच माझी सवत, बाकाखाली बसवली. होडीच्या कुशीला भोक पाडले. लाट आत शिरू नये म्हणून धुराची नळी हंसाच्या मानेसारखी वळवून बाहेर काढली. माझ्यासाठी एवढे मोजमाप कुणी केले नव्हते.

"बाबा, नीट ऐक. आधी हीटरचं बटण बंद. मग पंखा आपोआप थांबेपर्यंत पाच मिनिटं बसायचं, तो आतून गार होत असतो. होडीची सगळी वीज तोडणारं मुख्य बटण त्यानंतर."

"पाच मिनिटांत माझी घरी कॉफी पिऊन होते!" तोरलाइव्ह हसला.

गुडलाउग आली. "अगं बाई, धूर नाही, राख नाही! नाहीतर ही, नुसतं धुराडं," असे म्हणून तिने विणायची लोकर माझ्या पोटात कोंबली. निखारा नसताना मी आतून जळत होते.

धक्क्याला दोर बांधला की मुख्य बटण बंद, ही तोरलाइव्हला वडिलांनी लावलेली शिस्त. ती त्याने सोडली नाही. पंखा मध्येच मरे आणि आत काजळी धरे. मला ते कळत होते. बोलता आले असते, तरी मी बोलले नसते.

तेराव्या दिवशी, भर समुद्रात, सवत घुसमटून बंद पडली. गुडलाउगची बोटे काकडली. तोरलाइव्हने घाईघाईने लोकर काढून मला पेटवले. काय फुलले मी! आणि तेवढ्यात वारा फिरला. फटीतून धूर निघाला. गुडलाउग डोळे पुसत बाहेर थंडीत जाऊन बसली.

"मला घरी सोड. पुन्हा बोलवू नकोस."

मी जिंकले होते आणि केबिन रिकामी होती.

धक्क्यावर राग्नफ्रिदने हीटर उघडला. ओंजळभर काजळी निघाली. "बाबा, पाच मिनिटं बसत होतास ना?" तोरलाइव्ह आपल्या बुटांकडे पाहू लागला.

गुडलाउगने माझ्या तड्यावरून बोट फिरवले. "हिच्यावर पाणी ओतलंस, हीटरचा गळा दाबलास. तापलेल्या जिवाला दम घेऊ द्यावा, एवढंही कळत नाही का रे तुला? रोज पाच मिनिटं बसणार असशील, तरच मी येईन."

आता तो बसतो, टोपी गुडघ्यावर ठेवून. पण कोळ्याचे हात रिकामे राहत नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्याने तेलाचे फडके घेतले आणि तो माझा गंज पुसायला लागला. पुढे तडाही बुजवला. फुलांचे नाव कुणी काढत नाही.

मित्रांनो, दिवसभर राबून तापलेले कुणीही असो, वस्तू किंवा माणूस, त्याला घाईत विझवू नका. मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी तिचा पंखा फिरत असतो, फडके माझ्या झाकणावर फिरत असते, तेव्हा मी मनात म्हणते, "बाई, सावकाश गार हो. घाई नाही."