देवाचे पट्टे

आमच्या कंपनीत मी पट्टे पाडते. उंचावर काम करणारी माणसं खांद्यांवरून आणि मांड्यांखालून जो पट्टा अडकवतात, छातीवर बक्कल असलेला, तो नवलाख उंबरे गावातल्या आमच्या शेडमध्ये शिवला जातो. प्रत्येक खेपेतले थोडे पट्टे माझ्या वाट्याला येतात. मी ते वाळूच्या पोत्याला घालते, पोतं वर चढवते आणि सोडून देते. पट्ट्यानं पोतं अधांतरी धरून ठेवलं की खेप पास. मला ह्याचा पगार मिळतो, आणि घरी कुणाशी वाजलं असेल त्या दिवशी काम जरा जास्तच मनापासून होतं.

पण एकदा असा हिसका खाल्लेला पट्टा पुन्हा माणसाच्या अंगावर चढवायचा नसतो. वरून तो कोरा करकरीत दिसतो. आतले धागे मात्र ताणलेले असतात, टाके सैल झालेले असतात. दुसऱ्यांदा धरेल की नाही, हे मीही सांगू शकत नाही. खरं तर असे पट्टे लगेच कापून टाकायचे, पण तपासणीचे साहेब बघून जाईपर्यंत ते अख्खे ठेवा असं वरून सांगणं असतं. म्हणून ते एका वेगळ्या फळीवर पडून राहतात. शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या ताजुन्निसा मावशींनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं. ‘हे आता देवाचे झाले, ह्यांना हात लावायचा नाही,’ असं त्या एकदा म्हणाल्या आणि तेव्हापासून ती देवाची फळी झाली. तिथं पाटी कुणी लावली नाही. सगळ्यांना ठाऊक आहे ते कशाला लिहायचं, ही आमची खोड.

ऑगस्टात पावसानं दिवसरात्र झोडपलं आणि आंदर मावळात एका वस्तीच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला. वस्तीमागच्या डोंगराला भेग पडली होती. माणसं पलीकडे अडकली, आणि डोंगर खाली यायच्या आत त्यांना ओढ्यावरून अलीकडे आणायचं होतं. लोणावळ्याच्या बचाव पथकात माझा नवरा आहे. निलेश. एरवी वायरमन, आणि पावसाळ्यातले रविवार भुशी धरणावर, वाहत्या पाण्यात उभं राहून फोटो काढणाऱ्या शहाण्यांना बाहेर ओढण्यात जातात. मी त्याला यावरून पुष्कळ बोलते. तो ऐकून घेतो आणि निघतो. त्या दिवशीही पहाटेच गेला.

आमचे मालक सुहास सर ह्या बाबतीत सरळ आहेत. कुठं दरड आली, पूर आला की त्यांचा एकच निरोप येतो, स्टोअर उघडा आणि लागेल ते द्या. पथकाकडे दोर होते, पण पट्टे आणि हेल्मेटं कमी पडत होती. ते न्यायला वस्तीतले दत्तोबा आबा आपली दुधाची पिकअप घेऊन आले होते. साकव गेला तेव्हा ते गाडीसह अलीकडे राहिले होते, आणि त्यांची बायको पलीकडे होती. मी कामावर पोचले तोवर गाडी भरून गेलीही होती. मी ॲप्रन चढवला, फळीकडे बघितलं, आणि फळी रिकामी. सहाच्या सहा पट्टे गेले होते.

स्टोअर सांभाळणाऱ्या तन्वीरला विचारलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. दत्तोबा आबांनी ह्या फळीकडे बोट दाखवून हे कसले म्हणून विचारलं होतं. तन्वीर घाईत ‘ते देवाचे’ एवढंच म्हणाला आणि हेल्मेटं काढायला आत गेला. जाता जाता त्याला आबांचं बोलणं कानावर आलं, ‘मंग हे तर न्यायलाच पायजेत.’ ते दुसऱ्या कशाबद्दल बोलत असतील असं त्याला वाटलं.

ज्याच्या घरावर डोंगर लोंबतोय त्याला देवाचा पट्टा मिळाला, तर तो आधी कुणाला घालेल? जो सगळ्यांत धोक्याचं काम करतो त्याला. दोरावरून पहिला पलीकडे जातो आणि सगळ्यांच्या शेवटी परत येतो तो निलेश. मी त्याला फोन लावला. लागला नाही. टाकवे गाव सोडलं की तिकडे फोन मुकेच होतात, हे ठाऊक असूनही मी लावतच राहिले.

तन्वीरनं मोटारसायकल काढली. रस्ताभर तो माझी माफी मागत होता आणि मी त्याला गप्प बस, पुढं बघ म्हणत होते. खरं तर मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं. त्यानं आमचाच शब्द वापरला होता. रस्त्याला जागोजागी लाल चिखल आला होता. एका ठिकाणी आम्ही उतरून गाडी ढकलली, आणि माझी चप्पल तिथंच राहिली.

पोचलो तेव्हा ओढ्यावर दोर ताणलेला होता आणि दोराला मधोमध एक बाई लोंबत होती. पोटाशी लेकरू बांधलेलं. अंगात आमचा नारिंगी पट्टा. खालून पाणी असं जात होतं की बघवत नव्हतं.

ओरडून उपयोग नव्हता. मध्येच थांबवलं असतं तर ती तिथंच लटकून राहिली असती. चांगला पट्टा कुठला आणि देवाचा कुठला, इतक्या लांबून मलासुद्धा कळत नव्हतं. कप्पी सरकत होती आणि मी तोंडावर हात दाबून उभी होते. ती बाई अलीकडे आली, पथकातल्या पोरांनी तिला धरलं, आणि मी धावत जाऊन तिच्या पाठीवरचे टाके चाचपले. घट्ट होते. पट्टा हिसका न खाल्लेला होता. तिला वाटलं मी तिची विचारपूस करतेय, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिला थोपटलं, पण डोळे पलीकडच्या काठावर होते. तिथं निलेश पुढच्या माणसाला पट्टा बांधत होता. त्याच्याही अंगात नारिंगी पट्टा होता.

दत्तोबा आबा पिकअपपाशी होते. फळीवरचे सहा पट्टे कुठायत, असं मी त्यांना विचारलं. माझा आवाज चढला होता.

“ते व्हय,” आबा म्हणाले. “ते मरीआईच्या देवळात ठिवलेत.”

“वापरले न्हाईत?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी भलतं विचारलंय. “देवाला सोडल्याला वळू कुनी नांगराला जुपतं का, बाय? देवाचं ते देवाचं. कंपनीनं आईसाटी धाडलेत, तर आदी तिला पोचते केले, मंग बाकीचे पोरास्नी दिले.”

मला एकदम हसू आलं. मी पिकअपच्या फळक्याला धरून उभी राहिले. आम्ही एका अर्थानं बोललो, त्यांनी दुसऱ्याच अर्थानं ऐकलं, आणि तरी दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन पोचले होते.

पण मी बघितल्याशिवाय विश्वास ठेवणारी बाई नाही. देऊळ अलीकडच्याच काठावर, जांभळीखाली होतं. आत घंटेच्या आढ्याला नारिंगी पट्टे ओळीनं टांगले होते, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. मी मोजले. पाचच भरले. पुन्हा मोजले. पुन्हा पाच. पलीकडच्या काठावर उभा असलेला निलेश आणि त्याच्या अंगातला पट्टा एवढंच मला दिसायला लागलं. मी दारातून ओरडले, “आबा, सहावा कुटंय?”

“सहावा आईला घातलाय की,” आबा बाहेरून म्हणाले.

मी गाभाऱ्यात वाकून बघितलं. हिरव्या लुगड्यावरून, खांद्यांवरून आणि छातीवरून, मरीआईनं आमच्या कंपनीचा पट्टा घातला होता. बक्कलसुद्धा बरोबर लावलेलं होतं. मी तिथंच बसले आणि मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडू आलं ते थांबेना. तन्वीर दारात उभा राहून मला पाणी आणू का म्हणून विचारत होता.

मग मी ॲप्रनच्या खिशातलं कटर काढलं. आबांना समजावून सांगितलं की हे पट्टे आतून गेलेत, उद्या एखादं पोरगं ह्यातला एक काढून मधाचं पोळं उतरवायला कड्यावर जाईल. आपण काय घेऊन आलो होतो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते उंबऱ्यावरच बसले आणि काप म्हणाले. पाच पट्टे मी जागच्या जागी कापले आणि तसेच टांगलेले राहू दिले. देवीपाशी मात्र हात जोडले, झाल्यागेल्याची माफी मागितली, आणि लुगड्याच्या मागून, कुणाला दिसणार नाही अशी, पाठीवरची पट्टी कापली. पुढून ती होती तशीच दिसत होती.

दुपार कलेपर्यंत माणसं येत राहिली. आबांची बायको आली तेव्हा आबांनी पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. सुहास सरांनी टेंपोतून गमबूट, रेनकोट आणि वस्तीतल्या माणसांना शाळेत झोपायला सतरंज्या पाठवल्या. वस्ती मोकळी झाल्यावर मागचा डोंगर घसरला. आवाज आमच्यापर्यंत आला आणि सगळेजण एकदम उभे राहिले. दोन घरं गेली. घरात कुणी नव्हतं.

निलेश तेव्हा दोरावर होता. सगळ्यांच्या मागून निघालेला, निम्म्यावर आलेला. दोर हलला, पण धरून राहिला. पट्टाही धरून राहिला. पोरांनी त्याला ओढून घेतलं आणि तो चिखलात गुडघ्यांवर बसला. त्यानं माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं.

त्याचा पट्टा सोडवायला मी खाली बसले. दिवसाकाठी कितीतरी बक्कलं मी डोळे मिटून उघडते. हे उघडेना. मी दाबलं, ओढलं, पुन्हा दाबलं.

“कंपनीनं खराब बक्कल दिलंय काय गं?” तो म्हणाला.

“बक्कल चांगलं हाये,” मी म्हणाले. “माजे हातच ऐकनात.”

त्यानं माझे दोन्ही हात आपल्या गार, ओल्या हातांत धरले, आणि पट्टा आम्ही तसाच राहू दिला.