एक बाजार पोरीचा, एक बिनपोरीचा

विहीण हेमावती पोरीला गळ्यापर्यंत जेवू घालून पाठवते, ही बजाबाईची खरी तक्रार होती. कोर्टाने नात महिन्यातून दोनच शनिवार-रविवार बापाकडे दिली, आणि ही बया त्यातलं पहिलं जेवणही बळकावते! वर डोक्याला तेल चोपडून वेण्या अशा करकचून घालते, की गावी मंद्रूपला पोचल्यावर बजाबाईच्या हाताला कामच उरू नये.

लेक अमृत आणि सून वैजयंती वेगळे झाल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्यामुळे सहा वर्षांच्या रेश्माला शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या आजोळातून आणायचं काम बजाबाईकडे. "आई, दुसरा आन चौथा शनिवार," अमृतने बजावलं होतं. बजाबाईने मात्र मोजायला गावचा आठवडी बाजार धरला. एक बाजार पोरीचा, एक बिनपोरीचा. दोन महिने बिनचूक जमलं. लेकाला पुन्हा विचारायला ती काय अडाणी होती?

आज ती मुद्दाम तासभर आधीच पोचली. विहिणीचा घास हुकवायचा होता.

दार उघडंच. रेश्मा ओल्या केसांनी पाटावर, पुढ्यात उपम्याची ताटली, मागे हेमावती फणी घेऊन.

"आज कुणीकडं, विहीणबाई?"

"कुणीकडं म्हंजे? माजा शनिवार हाय. का पोर लपवायचा इचार हाय?"

हेमावतीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यापुढे धरलं. "आज पहिला शनिवार. मागच्या महिन्यात पाच आले की. तुमचा पुढचा."

बजाबाईला अक्षरं जड, पण आकडे कळत. तिने मागचं पान उलटून, बोट ठेवून शनिवार मोजले. परत मोजले. पाचच. म्हणजे आज मोकळ्या हाताने मंद्रूप. चुकलं म्हणायला जीभ काही वळेना.

"म्हंजे सलग दोन शनिवार तुमाला? कोर्ट तुमच्या म्हायेरचं हाय व्हय?"

ती खाली टेकते न टेकते तोच रेश्माने तिची पिशवी हुंगली. "आज्जी, शेंगापोळी!" आणि ती थेट बजाबाईच्या मांडीवर. दोन घासांत अर्धी पोळी गायब.

हेमावतीचा चेहरा उतरला. "बघा. सकाळपासून उपम्याला शिवली नाही. तुमच्याकडनं आली की पंधरा दिवस हेच. मंद्रूपची भाकरी, मंद्रूपची आज्जी. म्हणून तर पोट भरून धाडते. तेवढा रस्ता तरी माझी आठवण राहू दे."

बजाबाईच्या काळजाला गारवा आला. इतके दिवस आपण हिच्यावर जळतोय, आणि ही आपल्यावर! तिने हात लांब करून हेमावतीच्या हातातली फणी ओढून घेतली. रेश्माचे केस विंचरले, सैलशी वेणी घातली. मग मान वर न करताच म्हणाली,

"ऐका, विहीणबाई. तुमी वाईट न्हाय. निस्त्या जळक्या हाय, माज्याहून लई. पुढच्या शनिवारी पोरीला उपाशी धाडा, आन केस मोकळे."