तीन किलो तिळगूळ

माझा स्वभाव फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकते. माझे यजमान उमाकांत म्हणायचे, मधू, तुझ्या जिभेला हाड नाही. आता असं म्हणायलाही घरात कोणी उरलं नाही. दिवसभरात मी बोलते ती फक्त दूधवाल्या भैयाशी, आणि तेही "आज आधा लीटर" एवढंच. फटकळ बाईला भांडायला माणूस नसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

आम्ही मूळचे नगरचे. उमाकांत विम्याच्या कचेरीत अधिकारी होते. बदली होऊन जयपूरला आलो आणि जवाहर नगरमध्ये घर घेऊन इथलेच झालो. मुलगा निनाद बंगळुरूला असतो. रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. उमाकांत जाऊन सोळा महिने झाले.

इथल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू मी बावीस वर्षं चालवलं. मी म्हणजे मीच. वाण काय द्यायचं, कोणाकडे जमायचं, नव्याने बदलून आलेल्या कोणाकोणाला शोधून आणायचं, सगळं माझ्याकडे. जयपुरात त्या दिवशी सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, म्हणून आमचे पुरुषही वर जायचे आणि खाली आमचं राज्य असायचं.

त्यात एक अडचण असायची. कोणाचा नवरा गेला की त्या बाईचं काय करायचं? बोलवावं तर कुंकू लावायच्या वेळी तिची पंचाईत, न बोलवावं तर वाईट दिसतं. फोनवरच्या ग्रुपमधून काढलं तर काढल्याचं सगळ्यांना दिसतं. मग मी एक युक्ती काढली. दर जानेवारीला नवीन ग्रुप करायचा. जी नको असेल तिला त्यात घालायचंच नाही. कोणाला काढलं नाही, कोणी दुखावलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, उगाच तिला त्रास नको. या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

मागची संक्रांत वर्षाच्या आतली होती, त्यामुळे मला बोलवायचा प्रश्नच नव्हता. यंदा मात्र ती सबब नव्हती. दोन जानेवारीपासून मी फोन जवळच घेऊन बसत होते. आंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर ठेवायचे. तीन तारीख गेली, पाच गेली. सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात तेवढे येत होते. मी स्वतःला समजावत होते की आता सगळं सुवर्णाकडे आहे, तिला नोकरीतून वेळ होत नसेल.

सुवर्णा मी हाताखाली तयार केलेली. कॉलेजात शिकवते, बायकांच्या प्रश्नांवर भाषणं करते, टाळ्या मिळवते. आठ तारखेला तिचा फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला हे कबूल करते.

"काकू, तिळगूळ तुमच्याच हातचा हवा हं. तीन किलो कराल ना? विकतच्याला ती चव नाही."

"करीन की," मी म्हणाले.

या, असं काही ती म्हणाली नाही. मी मनात म्हटलं, घरच्या माणसाला काय बोलवायचं? मी काही दूधखुळी नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं, एवढंच.

राजापार्कच्या बाजारातून चिक्कीचा गूळ मागवला. दोन दिवस तीळ भाजले, दाणे सोलले, पाक केला. लाडू गरम असतानाच वळावे लागतात, थांबलं की मिश्रण दगड होतं. तळहात लाल झाले. पूर्वी उमाकांत शेजारी बसून वळायचे, त्यांचे लाडू वाकडे व्हायचे आणि मी ओरडायचे. या वेळी सगळे लाडू एकसारखे झाले. मला अजिबात आवडलं नाही ते.

कसं वागायचं हेही ठरवून ठेवलं होतं. कुंकवाच्या वेळी मी आत स्वयंपाकघरात जाईन, कोणाला अवघडायला नको. मग बाहेर येऊन तिळगूळ वाटीन. एवढीच जागा मला पुरे होती.

संक्रांतीला सकाळपासून गच्च्यांवर भोंगे सुरू झाले. "वो काटा" म्हणून पोरं बोंबलत होती. मी जेवण लवकर उरकलं आणि काळी साडी नेसले, उमाकांतनी घेतलेली शेवटची. तीन वाजता डबे दाराशी लावून खुर्चीत बसले.

साडेतीनला बेल वाजली. सुवर्णाची मुलगी अवनी स्कूटी घेऊन आली होती. पोरगी जयपुरातच जन्मलेली, मराठी बोलताना ठेचकाळते.

"आजी, डबे द्या ना. मम्मीने जल्दी बोलावलंय."

"चल, मीही येते. डबा मांडीवर धरीन."

ती माझ्या साडीकडे बघत राहिली. मग मान खाली घातली. "आजी, मतलब... मम्मी म्हणाली, तिथे सगळ्यांना कुंकू लावतात ना, तर तुम्हाला बुरा वाटेल. उगाच तुम्हाला त्रास नको. म्हणून ग्रुपमध्ये पण नाही टाकलं."

शब्दन्शब्द माझाच होता. शिष्या चांगली निघाली माझी.

पोरीचा काय दोष? मी डबे दिले, स्कूटीच्या पुढ्यात नीट ठेवून दिले, सावकाश जा म्हणाले. दार लावलं आणि मग मात्र अंगाचा तिळपापड झाला. गरज सरो वैद्य मरो. माझे लाडू चालतात आणि मी चालत नाही? सुवर्णाला फोन लावायला घेतला. असं झोडपणार होते की तिने भाषणं करणंच सोडलं असतं. पण पहिलं वाक्य जुळवायला लागले, आणि जे जे वाक्य सुचेल ते अलका मला म्हणू शकली असती. फोन खाली ठेवला.

अलका माझी मैत्रीण. तिचे जनार्दनराव बँकेत होते, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्या घरापासून तिचं घर चार सेक्टर पलीकडे. तिला मी नव्या ग्रुपमध्ये कधीच घातलं नाही. वाणाच्या साठ कापडी पिशव्या मात्र दरवर्षी तिच्याकडूनच शिवून घेतल्या, कारण तिच्या शिलाईत धागा सुटत नाही.

डब्यात न मावलेले दहा-बारा लाडू ताटलीत राहिले होते. ते वाटीत भरले, वर रुमाल बांधला आणि चालत निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं वर, गच्च्यांवर. तारांवर फाटके पतंग लटकत होते, पायात मांजा येत होता, तो सोडवत सोडवत गेले. इतकी माणसं आजूबाजूला ओरडत होती आणि त्यांतल्या एकालाही मी खालून चाललेय हे कळत नव्हतं. मला रडू आलं, आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून मी रडूनही घेतलं.

अलकाने दार उघडलं. आधी वाटीकडे पाहिलं, मग साडीकडे.

"ये," म्हणाली.

शिलाईचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. मी वाटी पुढे केली. "तिळगूळ घे," एवढंच म्हणाले, पुढचं म्हटलं नाही.

"घेते. पण गोड बोलेन असं काही नाही." तिने एक लाडू घेतला, हातातच ठेवला. "कधीची नेसून बसली होतीस?"

"तीनपासून."

"मी दोनपासून बसले होते. हे जाऊन वर्ष सरलं, त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. हिरव्या पिशव्या होत्या, पिवळ्या नाड्यांच्या. मला वाटलं, पिशव्या न्यायला तूच येशील आणि म्हणशील, चल अलका. तू निनादला पाठवलंस. बिचारा म्हणाला, मावशी, कुठे निघालात का?"

मला तो दिवस आठवतही नव्हता. पिशव्यांचा रंगसुद्धा नाही.

"मग पुढची आठ वर्षं का शिवल्यास?" मी विचारलं. "तोंडावर नाही म्हणायचंस."

"आणि मग तुझा फोन कशाला आला असता?" ती म्हणाली. "वर्षातून एकदा यायचा. किती पिशव्या, कुठला रंग. मी मुद्दाम दोनदा विचारून घ्यायचे, तेवढंच बोलणं लांबायचं."

"चुकले मी," म्हणाले. ते म्हणताना इतकं लहान वाटलं की पुन्हा एकदा म्हणाले.

अलका खिडकीबाहेर बघत होती. "एक विचारते. खरं सांग. आज सुवर्णाने तुला बोलावलं असतं, तर माझी आठवण झाली असती?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते कळलंही असतं.

"नसती झाली," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "बरं झालं. निदान खोटं नाही बोललीस." मग तिने लाडू तोंडात टाकला आणि चहा टाकायला आत गेली. जा म्हणाली नाही, थांब असंही म्हणाली नाही. मी थांबले.

चहा घेऊन ती आली तेवढ्यात माझा फोन वाजला. सुवर्णा. पलीकडून बायकांचा कलकलाट ऐकू येईल हे मला माहीत होतं, बावीस वर्षं मी त्याच्या मधोमध होते.

"उचल," अलका म्हणाली. "आता चांगली खडसाव तिला."

मी त्याच तयारीने उचलला. काय बोलायचं ते सगळं जिभेवर होतं.

"काकू," सुवर्णा म्हणाली, "काय लाडू झालेत हो. एक उरला नाही. रथसप्तमीला माझ्या कॉलेजातल्या बायका येणार आहेत, पुन्हा थोडे कराल का?"

अलका माझ्याकडे बघत होती. फोनमधून कोणीतरी मोठ्याने हसलं. कोण ते मी आवाजावरून ओळखलं.

"किती किलो?" मी विचारलं.

सुवर्णाने सांगितलं. मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी तिला पुन्हा एकदा विचारलं.